शनिवारचं पाणी

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

डायरी राजेंद्रच्या कंपनीची. दर वर्षी मिळते, दर वर्षी फडताळात पडते नि झुरळं वाचतात. ह्या वर्षी मी घेतली. मी तिसरी पास. अक्षर मोठं येतं त्यामुळं पान लवकर भरतं, ते एक बरं. कोणाला दाखवायची नाय.

घेतली कारण एक ठरवलंय, आणि लिहून ठेवलेलं मोडत नाय.

ठरवलंय ते असं. आठवड्यातला एक दिवस, शनिवार, मी काम करणार नाय. काही म्हणजे काही नाय. बसणार.

हे सुरू झालं मागच्या खोलीतल्या सिस्टरपासून. मार्था सिस्टर. नगरकडची, महाडला दवाखान्यात नर्स, दिवाळीपासून आमच्याकडं भाड्यानं आहे. ख्रिश्चन, पण रविवारवाली नाय, शनिवारवाली. शनिवारी गॅस पेटवत नाय, कपडे धूत नाय, केर काढत नाय. चांगली साडी नेसते नि पुस्तक घेऊन बसते. मला आधी वाटलं आजारी आहे. विचारलं. म्हणाली, आजी, आज शब्बाथ. सहा दिवस काम करायचं, सातव्या दिवशी थांबायचं, तशी देवाची आज्ञा आहे. मी म्हटलं, तुझ्या देवाच्या घरात सून नसेल. ती हसली. हसणं चालतं वाटतं.

माझं वय बहात्तर. गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतो बसा. राजेंद्र म्हणतो, आई, बस. शर्मिला म्हणते, आई, तुम्ही बसा, नि म्हणता म्हणता हातातलं पातेलं काढून घेते. एवढी माणसं बसा म्हणतात तर बसून दाखवते. मग कळेल ह्या घराची कोणती वीट कोणी धरलीय.

उद्यापासून.

शनिवार, ४ जानेवारी

जमलं. जवळजवळ.

सकाळी पाणी भरलं. आमच्या आळीत नळ मंगळवार, गुरुवार, शनिवार. पावणेसातला येतो, चाळीस मिनिटं. पिंप, दोन टाक्या, अकरा हंडे, वर कळश्या. पाणी भरणं काम धरत नाय. पाणी येतं, आपण भांडं खाली धरतो. ह्यांनी मागं एकदा प्लास्टिकचा पाइप आणला होता, नळाला लावायचा नि सोडून द्यायचं म्हणे. माळ्यावर आहे. पाइपाचं पाणी रबराचं लागतं.

मग राजेंद्रचा डबा. तो पोटाचा प्रश्न आहे, कामाचा नाय.

मग बसले. साडेनऊ ते पावणेदहा. बसल्यावर दिसलं की पडवीच्या आढ्याला जाळं आहे. उभं असताना दिसत नाय. म्हणजे बसण्याचाही उपयोग आहे.

संध्याकाळी सिस्टरला सांगितलं, पाळला. ती म्हणाली, आजी, शब्बाथ काल संध्याकाळीच लागला. शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो, शनिवारी मावळला की संपतो. म्हणजे मी बसायच्या आधीच अर्धा निघून गेला होता. हे आधी सांगायला काय झालं होतं. पहिला धरत नाय.

सोमवार, ६ जानेवारी

शेजारची गोदूबाई आली. बोलायला आले म्हणते, बघायला येते. म्हणाली, चंपे, तू अजून रडली नायस गो. दोन महिने होतील. बायका बोलतात. मी म्हटलं, बायकांना सांग, वेळ नाय. ती म्हणाली, वेळ काय, डोळ्यातनं यायला लागतं. मी म्हटलं, नळाला तीनच दिवस येतं, डोळ्याचं काय घेऊन बसलीस.

हे गेले नोव्हेंबरात. नऊ तारीख. पुण्यानुमोदनाला दोनशे ताटं झाली. केटरिंगवाल्याची होती, तरी मी घासली. त्याची माणसं बघत उभी राहिली. चांगली घासली.

नोंद म्हणून लिहिलं. डायरी त्यासाठी नाय.

बुधवार, ८ जानेवारी

सिस्टरला नीट विचारून घेतलं. एकदा घेतलं की पद्धतशीर घ्यावं.

तिच्या पुस्तकात असं आहे. तिची माणसं वाळवंटात होती, खायला काही नाय. तर रोज सकाळी आभाळातून खाणं पडायचं. एका दिवसापुरतं उचलायचं, जास्त उचललं तर किडे. पण सहाव्या दिवशी दुप्पट पडायचं, नि ते टिकायचं. म्हणजे सातव्या दिवशी कोणी वेचायला जायचं नाय. तरी काही जण गेलेच. रिकामे परत आले.

ते गेलेले कोण ते मला माहीत आहे. बायका असणार.

तर युक्ती कळली. शुक्रवारी दुप्पट. एवढं सोपं असून लोक पाळत नायत.

शुक्रवार, १० जानेवारी, संध्याकाळी सहा

दुप्पट झालं. वालाचं बिरडं मोठं पातेलं, कुळथाची पिठी, सुकट, तांदळाच्या भाकऱ्या चौतीस. माझी नात आम्रपाली मोबाइलमध्ये बघून म्हणाली, आजी, सूर्य सहा वीसला जातो. वीस मिनिटं हातात आहेत. ओटा पुसला. शिंक्यावर झाकून ठेवलं. आता उद्या रात्रीपर्यंत हात जोडून बसणार.

गॅस बंद केला तेव्हा बरं वाटलं. बरं नाय, काही वाटलं नाय. पण वाईट नाय वाटलं.

शनिवार, ११ जानेवारी

शुक्रवारीच संपलं. राजेंद्र कंपनीतल्या दोघांना घेऊन आला, शर्मिलाचा भाऊ दासगावला असतो, बिरड्याचा वास तिथपर्यंत गेला, तोही आला. गोदूबाईने चव बघते म्हणून दोन वाट्या नेल्या. भाकऱ्या मोजून होत्या, पण खाणारे मोजून नव्हते.

सकाळी पाणी भरलं. मग स्वयंपाक. हा दोष पाळणाऱ्याचा नाय, खाणाऱ्यांचा.

वाळवंटात पाहुणे येत नसतील.

सोमवार, १३ जानेवारी

पौर्णिमा. विहारात उपोसथ. आमच्यातही आहेच की थांबण्याचा दिवस. पांढरी साडी, आठ शील, मन शांत ठेवायचं. मी दर पौर्णिमेला जाते. भन्तेजी बोलत होते, मी मागं सतरंज्यांच्या घड्या घालत होते. भन्तेजी मध्येच म्हणाले, चंपाबाई, सतरंज्यांवर अजून माणसं बसलीत.

माझं मन कायम शांतच असतं. त्यासाठी वेगळं बसायला नको.

शुक्रवार, १७ जानेवारी, दुपारी

सिस्टरची नाइट झाली होती, दुपारी दारात केस वाळवत होती. तिला शनिवारची सुट्टी अशीच मिळत नाय. दर रविवारी ड्युटी करते नि वर दोन नाइट. थांबण्यासाठी एवढं पळते. मी विचारलं, पण का गो? कारण काय?

म्हणाली, पहिलं कारण, देवाने सहा दिवसांत जग केलं नि सातव्या दिवशी थांबला. मी म्हटलं, ते तुझ्याकडं ठेव. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, आमच्यात तो नाय. ती म्हणाली, राहू दे, दुसरं कारण आहे. पुस्तकात देव आपल्या माणसांना सांगतो, तुम्ही मिसर देशात गुलाम होता, ते विसरू नका, म्हणून थांबा. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला थांबता येतं तो सुटलेला. आणि एकट्याने नाही थांबायचं, मुलगा, मुलगी, गडी, बाई, बैल, दारात आलेला परका, सगळे.

मी म्हटलं, बैल पण?

म्हणाली, बैल पण.

माझं माहेर म्हसळ्याकडं. आजी सांगायची, तिच्या लहानपणी तिकडं तेली होते, त्यांना शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद, बैल सोडलेला. ते यहुदी लोक, पुढं इस्रायलला गेले. आजी लाकडाची मोळी घेऊन त्यांच्या दारावरून जायची तेव्हा बैल रवंथ करत बसलेला असायचा. म्हणायची, देवाला मानत नव्हते मी, पण त्या बैलाचा हेवा वाटायचा. आजीला गावकीची वेठ होती. सांगावा पोचव, लाकडं फोड, वाटेल त्याने हाक मारावी. तिला वारच नव्हता. सगळे वार गावाचे.

सिस्टरला हे सांगितलं. तिने केसांची गाठ मारली. मग म्हणाली, आजी, आणि तुम्ही?

मी काय. माझ्यावर कोणाची वेठ नाय. मी सगळं माझ्या मर्जीनं करते.

शनिवार, १८ जानेवारी

आज बऱ्यापैकी पाळला. सकाळचं पाणी सोडून. पाणी मोजत नाय, ते आधीच लिहिलंय.

पडवीच्या पायरीवर बसले, आठ ते बारा. वाल भिजवून मोड आणलेले होते ते सोलले. बसून केलेलं काम काम नसतं. सिस्टर पुस्तक घेऊन बसली होती, एकदा माझ्या हाताकडं बघितलं. मी म्हटलं, बसलेय की. ती म्हणाली, हो, बसलाय. असं म्हणाली की मी पाटी पदराखाली घेतली नि पदराखाली सोलले. जास्त वेळ लागतो.

पडवीत दोन खुर्च्या आहेत. लोखंडी, हिरव्या. एक ह्यांची. दुसरीवर मी मिरच्या वाळवते. मिरच्या नसल्या तर सुकट, सुकट नसली तर गोधडी. ह्यांचा कंपनीत विकली ऑफ शनिवार. अठ्ठावीस वर्षं. रिटायर झाल्यावर पण ऑफ शनिवारचाच ठेवला. खुर्चीत बसायचे नि दुसऱ्या खुर्चीकडं बघून म्हणायचे, चंपे, बस की गो. मी म्हणायची, तुमचा ऑफ असेल, चुलीला ऑफ नाय. ते म्हणायचे, बरं.

पुढच्या शनिवारी पुन्हा म्हणायचे. विसरायचे बहुतेक.

शनिवार, २५ जानेवारी

घरात राहिलं की काम दिसतं. म्हणून आज पाणी भरून सरळ घरच सोडलं. हे आधी सुचायला हवं होतं. गोदूबाईकडं गेले. ती म्हणाली, ये, बस. बसले. तिच्या गोधड्या वास मारत होत्या. मी म्हटलं, गोदे, ह्या कधी धुतल्यास? म्हणाली, गणपतीत. मी म्हटलं, कोणत्या गणपतीत.

पाच गोधड्या नदीवर धुतल्या. आपटायला कोणी लागतं म्हणून गोदूबाईला पण नेलं. दुसऱ्याच्या घरचं काम केलं तर आपला शब्बाथ मोडत नाय, असं मला वाटतं. सिस्टरला विचारलं नाय. प्रत्येक गोष्ट विचारू नये.

येताना गोदूबाई म्हणाली, चंपे, तू गोधडी आपटतेस तेव्हा भीती वाटते गो. एवढं काय केलंय तिने.

कंबर धरलीय. आता झोपून लिहितेय.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज चूक सापडली. आतापर्यंत मी बसायचे पण घर चालवायला कोणी नसायचं, म्हणून उठावं लागायचं. आज पक्कं केलं. पाणी तेवढं भरलं नि पायरीवर बसले, नि बसल्या जागेवरून सगळं चालवलं. शर्मिला, डाळीला पाणी कमी आहे. शर्मिला, तो आवाज पातेल्याचा की कढईचा? आम्रपाली, केस बांधून केर काढ, नायतर केस काढायला वेगळा केर काढावा लागेल. राजेंद्रचा ऑफ बदलून शनिवारी आलाय, तोही घरी. राजेंद्र, ती दोरी सैल आहे. पायरीवरून मागची मोरी दिसत नाय, पण ऐकू येते.

मी हललेसुद्धा नाय. अकरा वाजता शर्मिला बाहेर आली. हात पिठाचे. म्हणाली, आई, तुमच्या पाया पडते, उठा नि काम करा.

राजेंद्र हसला. आम्रपाली हसली. शर्मिला हसत नव्हती. अंगणवाडीत आठवडाभर चाळीस पोरं सांभाळते, शनिवारी जरा घरात असते, तर घरी मी. असं ती म्हणाली नाय. पण पीठ झटकलं त्यात आलं.

सिस्टर दारात होती, तिने ऐकलं. नंतर म्हणाली, आजी, मी सांगितलं होतं ना, सगळ्यांनी थांबायचं. सुनेनेसुद्धा. दुसऱ्याला पळवून आपण बसायचं तो शब्बाथ नाही, तो तर मिसरचा राजा. मी म्हटलं, सगळेच थांबले तर काम करणार कोण? ती म्हणाली, कोणीच नाही.

कोणीच नाय म्हणजे काय. असं कुठं असतं.

मी राजा नाय. मी फक्त बसले होते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

काल रमाई जयंती. विहारात खीर. शंभर माणसांची खीर ढवळायला मनगट लागतं, आताच्या पोरींना ते नाय. सूर्य मावळला तेव्हा खिरीत डाव होता, मधेच कसा सोडणार, खाली लागली असती. म्हणजे ह्या वेळचा सुरुवातीलाच मोडला. मोडलेला पाळण्यात अर्थ नाय म्हणून आज सगळंच केलं. पाणी, भाकऱ्या, गोठ्याची भिंत सारवली. गोठ्यात गुरं नायत दहा वर्षं. भिंत आहे.

रमाईने तर जन्मात बसून बघितलं नाय. तिच्या नावाने हा माफ.

घरात आता कोणी शब्बाथचं विचारत नाय. काल राजेंद्र शर्मिलाला सांगत होता, आई बसली तर मी मिशी काढेन. त्याला मिशी शोभत नायच.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज तीन महिने.

एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यात राहत नाय.

शनिवार होता. राजेंद्र कंपनीत, शर्मिला नि आम्रपाली तिच्या माहेरी पोलादपूरला. पावणेसातला नळ आला. हे खुर्चीत होते. म्हणाले, चंपे, बस गो जरा. मी म्हटलं, पाणी आलंय. म्हणाले, असू दे, बस. मी म्हटलं, चाळीस मिनिटं येतं, तुम्हाला काय माहीत, भरून येते. म्हणाले, बरं.

पिंप भरलं. टाक्या भरल्या. हंडे भरले. दारात सांडलं होतं ते पुसलं. मग चहा ठेवला, दोन कप. घेऊन गेले. खुर्चीतच होते. मान जरा वाकडी. मी म्हटलं, चहा. मग पुन्हा म्हटलं.

चहा मोरीत ओतला. कप विसळले. मग गोदूबाईला हाक मारली.

डॉक्टर म्हणाला, झटक्यात गेले, तुम्ही शेजारी असतात तरी काही करता आलं नसतं. मी म्हटलं, मग बरं. शेजारी बसून काय केलं असतं, हे त्याने सांगितलं नाय. त्याला तरी काय माहीत.

ह्याचा नि शनिवारी बसण्याचा काही संबंध नाय. ते सिस्टरमुळं आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी

शेवटचं ठरवलं. ह्या वेळी बसले नाय तर डायरी चुलीत. चूल नाय, बंबात.

दुपारी दुसऱ्या खुर्चीवरच्या मिरच्या काढल्या, डब्यात भरल्या. खुर्ची पुसली. पत्रा खाली गंजलाय पण बसण्यापुरती आहे. ह्यांच्या खुर्चीला हात लावला नाय.

संध्याकाळच्या चहाला सगळ्यांसमोर सांगितलं, उद्या मी बसणार आहे. पाणीसुद्धा नाय भरणार. ज्याला भरायचं त्याने भरा, नाय भरायचं त्याने भरू नका. शर्मिला म्हणाली, हो आई. जशी अंगणवाडीतल्या पोराला म्हणते तशी म्हणाली. राजेंद्र मिशीवरून हात फिरवत होता.

आम्रपाली कॉलेजातून गुलाब घेऊन आली, कसला डे होता म्हणे. मी विचारलं कोणी दिला, म्हणाली मैत्रिणीने. मैत्रिणीचं नाव सांगायला वेळ लागला. गुलाबाला तांब्याभर पाणी दिलं. सहा तीस. सूर्य होता अजून.

आता गेला. पेन ठेवते.

शनिवार, १५ फेब्रुवारी, सूर्य मावळल्यावर

बसले.

सकाळी साडेसहाला जाऊन दुसऱ्या खुर्चीत बसले. शेजारी ह्यांची खुर्ची. समोर रस्ता, पलीकडं कंपनीची चिमणी. ह्यांना रोज हेच दिसायचं. बघण्यासारखं त्यात काही नाय.

पावणेसातला नळ आला. आधी हवा येते, खोकल्यासारखा आवाज होतो. मग पाणी. तोटी रात्री उघडीच असते म्हणजे आल्याचं कळतं. खाली रिकामा हंडा होता. तो वाजला, भरला, मग वाजायचा थांबला नि पाणी मोरीत जायला लागलं.

हात मांडीखाली घातले. दोन्ही. पाय जमिनीवरून उचलून खुर्चीत घेतले.

मी वाट बघत होते की शर्मिला उठेल. उठली नाय. सिस्टर बाहेर आली, नळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. खाली पायरीवर बसली. पुस्तक उघडलं नाय.

चाळीस मिनिटं म्हणजे किती असतात, मला वाटायचं मला माहीत आहे. भरताना पुरत नायत. बसल्यावर संपत नायत. माणूस केवढं बोलला असता तेवढ्यात.

मग नळ पुन्हा खोकला नि गेला.

शर्मिला साडेसातला उठली. म्हणाली, आई, पाणी? मी म्हटलं, येऊन गेलं. तिला वाटलं थट्टा. पिंपाचं झाकण उचललं नि तशीच धरून उभी राहिली. म्हणाली, आई, सहा शनिवार तुम्ही बसते बसते म्हणून उठलात. आजही उठणार हे धरून झोपले ना मी. त्यात तिची चूक नाय. मीही तेच धरलं होतं.

मग ओरडाआरडा होईल असं वाटलं. राजेंद्र एवढंच म्हणाला, आता? सिस्टरने गुरुवारचे भरून ठेवलेले दोन हंडे दिले, ती शनिवारचं गुरुवारीच भरून ठेवते. त्यात सगळ्यांचे चहा नि तोंडं झाली. कपडे राहिले. भांडी राहिली. भांडी घासायला पाणी नाय म्हणून स्वयंपाक राहिला. राजेंद्र नाक्यावर जाऊन वडापाव घेऊन आला. कागदात खाल्ले. कागद घासावा लागत नाय.

मग कोणालाच काही करायला उरलं नाय. सगळे पडवीत आले. शर्मिला भिंतीला टेकून बसली, तिचे पाय किती सुजलेत ते मी आज बघितलं. आम्रपाली तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. राजेंद्र ह्यांच्या खुर्चीत बसला नि बसल्या बसल्या झोपला. मान जरा वाकडी. मी बघत राहिले. पोट वरखाली होत होतं. दुपारपर्यंत तेच बघितलं.

संध्याकाळी सिस्टर म्हणाली, आजी, आज पाळलात. मी म्हटलं, हो.

आनंद होईल असं वाटलं होतं. घर पडेल असंही वाटलं होतं. दोन्ही नाय. एक शनिवार पाणी भरलं नाय, कोणाचं काही अडलं नाय.

राजेंद्रने मिशी काढली नाय. मी आठवण पण करून दिली नाय.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रविवार, सोमवार गोदूबाईकडच्या हंड्यांवर काढले. आज पाणी आलं. भरलं.

भरताना हंड्यावर हंडा आपटला, पोचा आला. राजेंद्रने विचारलं, काय झालं? काय नाय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काल संध्याकाळी शर्मिला म्हणाली, आई, तुम्ही बसा, पण मागच्यासारखं नको, माझे गणवेश धुवायचेत. राजेंद्र माळ्यावर चढला. पाइप काढून आणला. अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता, दुकानाची गाठ तशीच. आत दोन क्लिपा, एक पेचकस. ह्यांनी पेचकससुद्धा घालून ठेवला होता.

सकाळी पावणेसातला पाइप लावला. नळापासून मोरीच्या कोपऱ्यातून पिंपापर्यंत गेला. बोटभर कमी नाय, बोटभर जास्त नाय. राजेंद्र म्हणाला, बाबांनी मोजून आणलेला दिसतोय गो आई. कधी आणला होता? मी म्हटलं, आठवत नाय. नऊ वर्षं झाली.

मग काही करायचं नव्हतं. पाणी आपलं आपण भरत होतं. मी दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. चाळीस मिनिटं. कोणी काही म्हणालं नाय.

नळ गेल्यावर पिंपातून तांब्या घेतला नि प्यायले.

रबराचं लागत नाय.